लॉगिनचे पान उघडत नाही, उघडले तर टिकत नाही: सार्वजनिक वाय-फायचे नेमके दुखणे काय?

प्रश्न : प्रतीक्षालय

गेल्या काही महिन्यांत कामानिमित्त वरचेवर प्रवास घडल्यामुळे विमानतळ, रेल्वे स्थानके, ग्रंथालये अशा ठिकाणच्या मोफत वाय-फायशी माझा बराच संबंध आला. त्यातून जो मनस्ताप झाला, त्यामागचे तांत्रिक कारण जाणकारांकडून समजून घ्यावे या हेतूने हा धागा काढत आहे. ‘सार्वजनिक वाय-फाय वापरूच नये’ हा सल्ला मी ऐकलेला आहे. परंतु इमारतीच्या आत मोबाइलच्या सिग्नलची जेमतेम एक रेघ दिसत असते आणि मोठी फाइल तातडीने पाठवायची असते, तेव्हा तो सल्ला फारसा कामाला येत नाही. म्हणून कृपया चर्चा तिकडे वळवू नये.

पहिली तक्रार अशी, की यादीतून नेटवर्कचे नाव निवडल्यावर ‘कनेक्टेड’ असे लिहून येते, वाय-फायच्या चिन्हाशेजारी बारीकसे उद्गारचिन्ह दिसू लागते, आणि ज्या पानावर अटी मान्य करून पुढे जायचे असते ते पान काही केल्या येत नाही. अशा वेळी मी ब्राउझर उघडून पाहिला, तर बातम्यांचे संकेतस्थळ व्यवस्थित उघडले. त्यावरून वाय-फाय सुरू झाले असे समजून मी निर्धास्तपणे तासभर काम केले, आणि नंतर लक्षात आले की ते सगळे मोबाइल डेटावर चालले होते व डेटाचा कोटा संपत आला होता. याउलट दुसऱ्या एका ठिकाणी ब्राउझरने ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा तांबडा इशारा दाखवला. आता खासगी नाही हे मला ठाऊकच होते, पण पुढे जावे की मागे फिरावे, हे त्या इशाऱ्यावरून कळेना.

दुसरी तक्रार ओटीपीची. पान सुदैवाने उघडले, मी मोबाइल क्रमांक भरला, सहा आकड्यांचा संदेश आला, तो वाचण्यासाठी मेसेजच्या ॲपमध्ये गेले आणि परत आले तो लॉगिनची खिडकीच नाहीशी झालेली. पुन्हा नेटवर्क निवडल्यावर पान आले, पण ते पुन्हा क्रमांक मागू लागले. दुसरा ओटीपी आला तेव्हा मी आकडे पाठ करून धावतपळत परतले, तरी चौकट रिकामीच. तिसऱ्या खेपेला ‘आपण अनुज्ञेय प्रयत्नांची मर्यादा ओलांडली आहे’ असे उत्तर मिळाले. एवढ्या खटाटोपात माझ्या गाडीची वेळ झाली होती, हे वेगळे सांगायला नको.

याशिवाय एका ग्रंथालयात सर्व सोपस्कार पार पडून ‘आपण आता इंटरनेटशी जोडले गेला आहात’ असे अभिनंदनही झाले, तरी उद्गारचिन्ह हटले नाही आणि एकही पान उघडले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचा पाच-सहा वर्षांचा जुना फोन मात्र त्याच वाय-फायवर मजेत चालला होता. शिवाय एका मोठ्या विमानतळावर एका दालनातून दुसऱ्यात गेले की नव्याने लॉगिन मागितले जाते, आणि फोन थोडा वेळ खिशात ठेवला तरी तेच होते. माझा फोन अँड्रॉइडचा आहे आणि फारसा जुना नाही. यात फोनचा दोष किती आणि वाय-फाय देणाऱ्याचा किती?

प्रतिसाद १ : तारायंत्र

आपण सांगितलेल्या प्रकारांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच जागी आहे. लॉगिनचे पान दाखवण्यासाठी हॉटस्पॉटला थोडी लबाडी करावी लागते, आणि गेली अनेक वर्षे इंटरनेटची सारी सुरक्षाव्यवस्था नेमकी तीच लबाडी हाणून पाडण्यासाठी मजबूत होत आलेली आहे.

आपण एखादे संकेतस्थळ उघडू पाहता तेव्हा हॉटस्पॉटची यंत्रणा ती मागणी वाटेतच अडवते आणि त्या संकेतस्थळाच्या नावाने स्वतःच उत्तर देते, की आधी अमुक पानावर जा. मागणी साध्या एचटीटीपीने, म्हणजे संकेतस्थळाशी उघडपणे बोलण्याच्या जुन्या पद्धतीने, गेलेली असेल तर ब्राउझरला ही तोतयेगिरी ओळखता येत नाही आणि तो मुकाट्याने त्या पानावर जातो. एचटीटीपीएस या तिच्या सुरक्षित रूपात मात्र समोरच्याने आपली ओळख प्रमाणपत्राने पटवावी लागते. मधल्या यंत्रणेजवळ ते प्रमाणपत्र असण्याचे कारण नाही, म्हणून ब्राउझर तो तांबडा इशारा देतो. २०१२ साली एचएसटीएस नावाचे मानक आले. त्यानुसार एखादे संकेतस्थळ ‘माझ्याशी केवळ सुरक्षित मार्गानेच बोला’ असे ब्राउझरला बजावून ठेवू शकते, आणि अशा संकेतस्थळाच्या बाबतीत इशारा डावलून पुढे जाण्याची सोयही ब्राउझर ठेवत नाही. पुढे २०२१ मध्ये क्रोमच्या ९०व्या आवृत्तीपासून, पत्ता टाइप करताना आपण त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस यांपैकी काहीही लिहिले नसेल तर ब्राउझर आधी सुरक्षित मार्गच वापरून पाहू लागला. त्यामुळे ‘कोणतेही एक संकेतस्थळ उघडा म्हणजे लॉगिनचे पान आपोआप येईल’ हा पूर्वी हमखास चालणारा उपाय आता बहुतेक वेळा फसतो. तो इशारा आला तर पुढे जाऊ नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो. तेथे मागे फिरणेच योग्य होते.

मग पान येते तरी कसे, तर फोन स्वतःच एक चाचणी घेतो. वाय-फायशी जोडले जाताच अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर साधी एचटीटीपी मागणी पाठवतो. तेथून २०४ हा क्रमांक आणि कोरे उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे असे तो समजतो. त्याऐवजी दुसरेच काही आले तर मध्ये कोणीतरी अडवणारा आहे हे ओळखून ‘साइन इन’ची सूचना दाखवतो. आयफोन ॲपलच्या अशाच एका पानावर ‘सक्सेस’ हा एकच शब्द मिळतो का, ते पाहतो. म्हणजे आपल्याला जे पान ‘वाय-फायने दाखवले’ असे वाटते, ते बहुधा फोनने संशयावरून शोधून काढलेले असते. ही चाचणी कोठेही अडखळली, उत्तर उशिरा आले किंवा मुळीच आले नाही, की उद्गारचिन्ह राहते आणि पान मात्र येत नाही.

बातम्यांचे संकेतस्थळ का उघडले, याचे उत्तरही यातच आहे. वाय-फायमधून खरे इंटरनेट मिळते अशी खात्री पटेपर्यंत फोन आपली नेहमीची रहदारी मोबाइल डेटावरच ठेवतो. लॉगिनची छोटी खिडकी तेवढी वाय-फायला बांधलेली असते; आपण वेगळा ब्राउझर उघडला की त्याची मागणी मोबाइल डेटाने जाते आणि अडवणाऱ्याची व तिची गाठच पडत नाही. म्हणून अशा वेळी आधी मोबाइल डेटा बंद करावा आणि मग ब्राउझरमध्ये एचटीटीपी हे अक्षरशः लिहून, मुद्दाम असुरक्षित ठेवलेले एखादे पान उघडावे. ‘नेव्हर एसएसएल डॉट कॉम’ हे संकेतस्थळ याच एका कामासाठी चालवले जाते. मी त्याची खूण फोनच्या मुखपृष्ठावरच ठेवलेली आहे, कारण ऐन वेळी आठवत नाही.

येथे एक बारकावा आहे. मोबाइल डेटा बंद करणे आणि एअरप्लेन मोड लावून फक्त वाय-फाय चालू करणे, या दोन्ही गोष्टी एकच आहेत असे पुष्कळांना वाटते. साधा एसएमएस मोबाइल डेटावर अवलंबून नसल्यामुळे पहिल्या स्थितीत ओटीपी येतो, दुसऱ्या स्थितीत येत नाही. काही ठिकाणी ओटीपी ईमेलवर पाठवतात. तेव्हा तो वाचण्यापुरता मोबाइल डेटा चालू ठेवावा लागतो. इंटरनेट मिळवण्यासाठी आधी इंटरनेट हवे, अशी ही गंमत आहे.

खिडकी नाहीशी होण्याबद्दल सांगायचे तर ती पूर्ण ब्राउझर नसते. अडवणूक तपासून दूर करण्यापुरते बनवलेले ते एक तात्पुरते साधन असते, त्याच्या कुकी (संकेतस्थळाने ओळख पटावी म्हणून ठेवलेल्या नोंदी) आपल्या नेहमीच्या ब्राउझरशी जुळलेल्या नसतात, आणि आपण दुसऱ्या ॲपमध्ये गेल्यावर ते मागे जिवंत राहीलच याची शाश्वती नसते. यावर साधी युक्ती अशी, की मेसेजचे ॲप उघडूच नये. संदेश आल्यावर वरून सूचनांचा पडदा अर्धवट ओढावा, आकडे तेथेच वाचावेत आणि पडदा परत वर सारावा. पडदा ओढल्याने खिडकी सोडली असे होत नाही. ज्यांनी सूचनांमध्ये संदेशाचा मजकूर लपवून ठेवला आहे, त्यांनी तेवढ्यापुरती ती सेटिंग बदलावी.

ग्रंथालयातल्या प्रकाराविषयी मला एक शंका आहे. आपल्या फोनमध्ये व्हीपीएन (सगळी रहदारी एका सांकेतिक वाटेने नेणारी सोय) किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांकेतिक मार्गाने विचारण्याची सोय) चालू आहे का?

प्रतिसाद २ : कुंपण

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, आणि शेवटच्या प्रश्नाला थोडी जोड देतो, कारण याच कारणाने मी स्वतः दोन प्रवास वैतागात काढले आहेत.

व्हीपीएन ‘नेहमी चालू’ ठेवून त्याखालचा ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा’ हा पर्यायही लावलेला असेल, तर फोन व्हीपीएनची वाट सोडायला तयार नसतो आणि लॉगिन झाल्याशिवाय हॉटस्पॉट व्हीपीएनला बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही दरवाजे एकमेकांच्या उघडण्याची वाट पाहत राहतात. यावर लॉगिन होईपर्यंत व्हीपीएन थांबवणे आणि झाल्याबरोबर पुन्हा चालू करणे, याखेरीज दुसरा व्यवहार्य मार्ग मला सापडलेला नाही. मधल्या मिनिटभरात बाकीची ॲप आपापले काम उरकून घेतात, हे जाणून असावे.

प्रायव्हेट डीएनएसचे प्रकरण अधिक फसवे आहे. ही सोय अँड्रॉइडमध्ये ९व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून आहे. ती ‘ऑटोमॅटिक’ असेल तर फोन गुप्त मार्ग न मिळाल्यास साध्या मार्गावर येतो. पण जाहिराती अडवण्यासाठी वगैरे आपण तेथे एखाद्या सेवेचे नाव हाताने भरले असेल, तर फोन दुसऱ्या कोणालाही संकेतस्थळांचे पत्ते विचारत नाही. ही विचारणा ८५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे अशा विचारणेसाठी ठरवलेल्या दारातून, होते आणि कडक नियमांच्या कित्येक सार्वजनिक नेटवर्कवर हा पोर्ट बंद असतो. परिणामी लॉगिनची खिडकी आपले काम चोख करते, कारण तिला या निर्बंधातून सूट दिलेली असते. अभिनंदनाचे पानही येते, पण त्यानंतर एकाही संकेतस्थळाचा पत्ता फोनला मिळत नाही. नेटवर्कच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ओळ येते, तिच्याकडे आपले लक्ष गेले नसावे. जुन्या फोनवर ही सेटिंग कोणी लावलीच नसेल तर तो मजेत चालणारच.

सुरक्षेचा मुद्दा आपण टाळायला सांगितला आहे, म्हणून एकच वाक्य लिहितो. लॉगिनच्या पानावर मोबाइल क्रमांकापलीकडे काही मागितले, विशेषतः आपल्या ईमेलचा पासवर्ड, तर तेथून निघून जावे, कारण नेटवर्कचे नाव हे केवळ नाव असते आणि तेच नाव शेजारच्या कोणालाही आपल्या हॉटस्पॉटला देता येते.

प्रतिसाद ३ : प्रतीक्षालय

दोघांचेही मनापासून आभार. प्रायव्हेट डीएनएसमध्ये खरोखरच एका सेवेचे नाव भरलेले निघाले. जाहिराती कमी दिसाव्यात म्हणून भाच्याने वर्षापूर्वी ते करून दिले होते आणि मी ते साफ विसरले होते. पुढच्या वेळी ग्रंथालयात गेल्यावर ते ‘ऑटोमॅटिक’ करून पाहीन आणि येथे कळवीन.

परंतु दालन बदलल्यावर पुन्हा लॉगिन का करावे लागते, याचा उलगडा अजून झालेला नाही. आणखी एक विचारते. ही सगळी अडचण इतकी जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे, तर मग ती व्यवस्था चालवणारे लोक काहीच का करत नाहीत? त्यांना आमचे हाल दिसत नाहीत, की दिसूनही त्याचे काही वाटत नाही?

प्रतिसाद ४ : पडद्यामागून

प्रश्न थोडा बोचरा असला तरी रास्त आहे. मी काही वर्षे अशा यंत्रणा बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम केले आहे, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून उत्तर देतो.

आधी दालनांचे. हॉटस्पॉट आपल्याला नावाने किंवा क्रमांकाने ओळखत नाही. एकदा लॉगिन झाले की तो फोनच्या मॅक पत्त्याची, म्हणजे वाय-फायवर फोन जो ओळखक्रमांक सांगतो त्याची, नोंद ठेवतो आणि त्या पत्त्याला ठरावीक वेळ जाऊ देतो. पूर्वी हा पत्ता फोनसोबत कायमचा जन्माला येत असे. परंतु त्यावरून माणसाच्या हालचालींचा माग काढता येतो, म्हणून अँड्रॉइडने १०व्या आवृत्तीपासून आणि आयफोनने २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कला वेगवेगळा बनावट पत्ता सांगण्यास सुरुवात केली. अँड्रॉइडवर हा पत्ता सामान्यतः नेटवर्कच्या नावावर ठरतो. आपल्या विमानतळावर दोन दालनांतल्या नेटवर्कची नावे किंचित निराळी असतील, मध्ये एखादी आडवी रेघ किंवा शेवटी एखादा आकडा जास्त असेल, तर आपला एकच फोन आमच्या नोंदवहीत दोन अनोळखी पाहुणे म्हणून येतो. आयफोनवर अलीकडे ठरावीक काळाने पत्ता बदलत राहण्याचाही पर्याय आहे. तो लावलेला असेल तर महिनाभर ओळख ठेवण्याचे आमचे आश्वासन आपोआपच पोकळ ठरते.

खातरजमा करायची असल्यास वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कचा तपशील उघडून मॅक पत्ता पाहा. त्यात दोन-दोन अक्षरांचे सहा गट असतात. पहिल्या गटातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता फोनने तयार केलेला आहे असे समजावे. जेथे आपण रोज जाता आणि ज्याच्यावर विश्वास आहे, अशा एखाद्या नेटवर्कपुरता ‘डिव्हाइस मॅक’ हा पर्याय निवडला तर वारंवार होणारे लॉगिन कमी होऊ शकते. विमानतळासाठी मी तो सल्ला देणार नाही.

फोन खिशात ठेवल्यावर लॉगिन जाते, याला आमच्या बाजूची एक सेटिंग कारणीभूत आहे. काही मिनिटे एखाद्या फोनकडून काहीच हालचाल दिसली नाही तर तो निघून गेला असे धरून त्याची जागा मोकळी केली जाते. ही मर्यादा लॅपटॉपच्या काळात ठरवली गेली होती. पडदा बंद झाल्यावर वीज वाचवण्यासाठी फोन जवळजवळ गप्प होतो, हे लक्षात घेऊन ती वाढवायला हवी, पण वाढवताना हात आखडतो, त्याचे कारण पत्त्यांची टंचाई. नेहमीच्या लहान मांडणीत एका नेटवर्कवर २५४ उपकरणांना पुरतील एवढेच आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कने प्रत्येक उपकरणाला द्यायचे क्रमांक, असतात. गर्दीच्या ठिकाणी, त्यातून एकच फोन निरनिराळ्या मॅक पत्त्यांनी येऊ लागल्यावर, हा साठा पाहता पाहता संपतो. आपल्या फोनवर ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ हीच ओळ अडकून पडली, किंवा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर लॉगिनच्या पानाची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्याला अद्याप आत पाऊलच टाकता आलेले नाही. मोठा साठा ठेवणे आणि पत्ता थोड्या वेळासाठीच देणे, हे दोन्ही सहज करता येण्यासारखे आहे. ते केले नसेल तर तो शुद्ध आळस आहे, आणि तो मी जवळून पाहिलेला आहे.

आता एक कबुली. फोनच्या चाचणीत आपोआप पान यावे, अशी व्यवस्था असताना काही ठिकाणी आम्हीच ती चाचणी मुद्दाम उत्तीर्ण करून देतो. छोट्या खिडकीत पैसे भरण्याची पाने नीट चालत नाहीत, आणि गूगल तर ॲपच्या आत उघडलेल्या अशा खिडक्यांमधून आपल्या खात्याचे लॉगिन करू देत नाही. म्हणून ग्राहकाने पूर्ण ब्राउझर उघडावा, या अपेक्षेने फोनला ‘सर्व आलबेल आहे’ असे सांगितले जाते. परिणाम असा होतो, की उद्गारचिन्हही दिसत नाही, पानही येत नाही, आणि ज्याला ही खोच माहीत नाही तो फोनला दोष देत बसतो. याच्याच जोडीला आणखी एक चूक वारंवार घडते. लॉगिनचे पान सुंदर दिसावे म्हणून त्यात बाहेरच्या संकेतस्थळांवरून अक्षरांचे साचे आणि स्क्रिप्ट आणल्या जातात, पण लॉगिनपूर्वी त्या बाहेरच्या पत्त्यांना परवानगी द्यायची राहून जाते. रचनाकाराने ते पान आपल्या कार्यालयातल्या चालू इंटरनेटवर तपासलेले असते. प्रवाशाला मात्र पांढरा पडदा दिसतो. एकदा माझ्या हातूनही असे झाले होते. ‘पुढे जा’ हे बटण पडद्यावर होते, पण ते दाबल्यावर जे घडायचे ते एका बाहेरच्या फाइलवर अवलंबून होते. तीन दिवस लोक ते बटण दाबत राहिले आणि चौथ्या दिवशी कोणीतरी तक्रारवहीत लिहिले, तेव्हा कोठे आम्हाला समजले.

काहीच का केले जात नाही, याचे उत्तर असे, की मानके तयार आहेत, ती लावली जात नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये आरएफसी ८९०८ आणि ८९१० अशी दोन मानके प्रसिद्ध झाली. त्यांनुसार फोनला आयपी पत्ता देतानाच, डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेच्या ११४ क्रमांकाच्या पर्यायातून, ‘येथे लॉगिन लागते आणि त्याची माहिती या पत्त्यावर मिळेल’ असे उघडपणे सांगता येते. मग अडवणूक, तोतयेगिरी आणि फोनचा संशय यांपैकी कशाचीच गरज राहत नाही. किती वेळ उरला आहे हेसुद्धा फोनला विचारता येते. याआधी २०१५ मध्ये असाच प्रयत्न १६० क्रमांकाच्या पर्यायावर झाला होता, पण कार्यालयांमधले काही टेबलावरचे फोन तो क्रमांक आधीपासूनच दुसऱ्या कामासाठी वापरत असल्याचे आढळले आणि क्रमांक बदलावा लागला. अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून फोनांना ही भाषा समजते. हॉटस्पॉटच्या बाजूला मात्र जुनी यंत्रे ‘चालत आहेत ना’ म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहतात, कारण मोफत दिलेल्या वाय-फायसाठी नवा खर्च मंजूर करून घेणे अवघड असते.

प्रतिसाद ५ : सरळमार्ग

धागाकर्तीने मनाई केली असली तरी राहवत नाही म्हणून लिहितो. एवढे सगळे वाचल्यावर मला असे वाटते की विश्वविद्यालयांचे ‘एज्युरोम’ ज्या पद्धतीने चालते तीच पद्धत सर्वत्र असायला हवी होती. तेथे ओळखपत्राची माहिती फोनमध्ये एकदाच भरतात, त्यानंतर दुसऱ्या देशातल्या विश्वविद्यालयात पाऊल टाकले तरी फोन आपोआप जोडला जातो, आणि मधला संवाद सांकेतिकही असतो. पान नाही, ओटीपी नाही, खिडकी नाही. वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने २०१२ पासून पुढे आणलेल्या ‘पासपॉइंट’चा रोखही तोच आहे. असे असताना अटी मान्य करण्याचा तो सोहळा अजून का चालू आहे, याचे कारण तांत्रिक असेल असे मला वाटत नाही. त्या पानावर जाहिरात दाखवता येते आणि क्रमांक गोळा करता येतो, एवढेच त्याचे कारण असावे.

प्रतिसाद ६ : पडद्यामागून

सरळमार्ग, आपला तर्क निम्मा बरोबर आहे आणि त्या निम्म्याबद्दल मी वाद घालणार नाही. उरलेला निम्मा असा, की एज्युरोममध्ये प्रत्येक पाहुण्याची हमी घेणारी त्याची मूळ संस्था असते. रेल्वे स्थानकावर आलेल्या अनोळखी माणसाची हमी कोण घेणार? मोबाइल कंपनी सिमकार्डाच्या आधारे ती घेऊ शकते आणि काही ठिकाणी घेतेही, पण त्यासाठी जागेच्या मालकाला त्या त्या कंपनीशी करार करावे लागतात. अटींचे पान लावून मोकळे होणे त्याला स्वस्त पडते.

प्रतिसाद ७ : प्रतीक्षालय

कळवायला थोडा उशीर झाला, कारण ग्रंथालयात जाण्याचा योग परवाच आला. प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ केल्यावर अभिनंदनाच्या पानामागोमाग उद्गारचिन्ह नाहीसे झाले आणि सर्व काही उघडले. मुद्दाम पुन्हा जुन्या नावावर नेऊन पाहिले, तर ‘कुंपण’ यांनी सांगितलेली बारीक ओळ नेमकी त्याच जागी दिसली. ती इतके दिवस तेथेच होती आणि मी ती एकदाही वाचलेली नव्हती.

ओटीपीच्या बाबतीत पडदा अर्धवट ओढण्याची युक्ती एका स्थानकावर पहिल्याच प्रयत्नात लागू पडली. दुसऱ्या स्थानकावर मात्र खिडकी टिकूनही चौकटीत आकडे उमटेनात, तेव्हा मोबाइल डेटा बंद करून ‘नेव्हर एसएसएल’ उघडले. तेथून तेच लॉगिनचे पान पूर्ण ब्राउझरमध्ये आले आणि काम झाले. त्या पानात मेसेजच्या ॲपमध्ये जाऊन परत आले तरी काही हरवले नाही, त्यामुळे यापुढे मी छोट्या खिडकीच्या वाटेला न जाता थेट हाच मार्ग धरायचे ठरवले आहे.

विमानतळाची दोन्ही नावे तपासली. एकाच्या शेवटी ‘५जी’ जोडलेले आहे, एवढाच फरक. दोन्हींसाठी फोन निरनिराळे पत्ते सांगतो, एकात दुसरे अक्षर ६ आहे आणि दुसऱ्यात ई. आता दालन कोणतेही असले तरी त्या ‘५जी’वाल्या नावावरच थांबते, आणि दुसऱ्या नावाचे ‘ऑटो कनेक्ट’ बंद करून टाकले आहे. खिशात ठेवल्यावर लॉगिन जाण्याचा त्रास अर्थातच तसाच आहे. फाइल जात असेपर्यंत मी पडदा मालवू देत नाही.